एका अक्षराने फिरवलेला डाव: पीईओ-१ आणि पीईओ-४ यांचे प्रकरण

पुष्कळ प्रयोगशाळांतल्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत दोन कुप्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एकीवर पीईओ-१ लिहिलेले, दुसरीवर पीईओ-४. दोन्हींतल्या पेशी एकाच बाईच्या, तिच्या पोटात साचलेल्या पाण्यातून काढलेल्या. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम असलेले केमोचे औषध घातले की पहिल्या कुपीतल्या पेशी मरतात; तेवढ्याच औषधात दुसरीतल्या निवांत वाढत राहतात. अंडाशयाचा कॅन्सर केमोला दाद का देईनासा होतो, हे शिकवायला मला याहून चांगले प्रकरण सापडलेले नाही. पुस्तकात प्रतिकाराची कारणे ओळीने दिलेली असतात, मुले ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. इथे एकच बाई आहे, एकच जनुक आहे आणि बराचसा खेळ एका अक्षराचा आहे.

एडिंबरा, १९८० चे दशक

निदान होते सीरस प्रकारचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा, पेशींची मूळ ठेवण पार बिघडलेली. सिस्प्लॅटिन, ५-फ्लुओरोयुरॅसिल आणि क्लोरॅम्ब्युसिल अशी औषधे दिली गेली आणि आजार हटला. शेवटच्या उपचारानंतर २२ महिन्यांनी पोटात पुन्हा पाणी झाले, ते काढले गेले आणि त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. ही पीईओ-१. पुन्हा उपचार झाले, आजार पुन्हा उलटला, आणि या खेपेला तो सिस्प्लॅटिनला दाद देईना. तेव्हाच्या पाण्यातून पीईओ-४ मिळाली. मृत्यूच्या थोडे आधी घेतलेल्या नमुन्यातून पीईओ-६. रोलंड वुल्फ आणि सायमन लँग्डन यांच्या गटांनी १९८७-८८ मध्ये या पेशींचे वर्णन छापले. एकाच रुग्णाच्या औषध लागू पडत असतानाच्या आणि ते लागू पडेनासे झाल्यानंतरच्या पेशी हाताशी असणे ही त्या काळी फार दुर्मिळ गोष्ट होती, आजही फारशी सोपी नाही.

डॉक्टर मंडळी एक ठोकळ नियम वापरत आली आहेत. प्लॅटिनमच्या शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांच्या आत आजार उलटला तर तो 'प्लॅटिनम रेझिस्टंट', त्यानंतर उलटला तर 'सेन्सिटिव्ह'. या हिशेबाने २२ महिने म्हणजे भरपूर सवड. नियम कामाचा आहे, पण तो कॅलेंडर पाहून ठरवलेला आहे. पाच महिने वीस दिवसांनी उलटलेल्या आणि सहा महिने दहा दिवसांनी उलटलेल्या आजारात पेशीच्या पातळीवर नेमका काय फरक असतो, याचे उत्तर कॅलेंडर देत नाही. ते पाहायला पेशीतच डोकवावे लागते.

वीस वर्षे चुकीच्या दाराशी

चुकीच्या म्हणजे अगदीच चुकीच्या नव्हे, पण मुख्य नव्हत्या त्या दाराशी. १९८८ मध्ये या दोन पेशींची तुलना झाली तेव्हा पीईओ-४ मध्ये ग्लुटाथायोन आणि त्याच्याशी निगडित विकरे जास्त आढळली. ग्लुटाथायोन प्लॅटिनमला धरून निकामी करते. त्यामुळे तर्क सरळ होता: पेशीने ढाल जाड केली. मग ढाल पातळ करायची. ग्लुटाथायोन बनू न देणारे ब्युथायोनिन सल्फॉक्सिमिन नावाचे रसायन १९९० च्या दशकात रुग्णांपर्यंतही गेले, पण त्यातून नेहमीचा उपचार काही उभा राहिला नाही.

दुसरा लोकप्रिय संशयित म्हणजे पेशीच्या पडद्यातला पंप, जो औषध आत आल्या आल्या बाहेर फेकतो. विद्यार्थ्यांना हा पंप फार आवडतो, कारण चित्र काढता येते. पण त्या नेहमीच्या पंपाचे गिऱ्हाईक पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे दुसरे औषध आहे, सिस्प्लॅटिन नव्हे. पंप बंद करणारे व्हॅल्स्पोडार हे औषध पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन (सिस्प्लॅटिनचेच भावंड) यांच्या जोडीला देऊन मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले: फायदा नाही. आणि डोसच वाढवावा म्हटले, तर बोनमॅरोला आधार देऊन केमोचे अतिमोठे डोस देण्याची चाचणीही होऊन गेली होती. २००७ मधल्या त्या निष्कर्षांतही नेहमीच्या डोसपेक्षा सरस काही निघाले नाही. सिस्प्लॅटिनचा डोस वाढवला की आधी मूत्रपिंडे, कान आणि हातापायांच्या नसा बोलू लागतात.

टी-ए-सी, टी-ए-जी, टी-ए-टी

खरी गोष्ट कळायला आधी सिस्प्लॅटिन मारते कसे ते पाहावे लागते. १९६५ मध्ये मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेच्या क्षेत्राचा परिणाम पाहत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि लांबच लांब दोरे झाले. कारण वीज नव्हती, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेले संयुग होते. १९७८ च्या अखेरीस अमेरिकेत सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली. हे औषध डीएनएवर गाठी मारते. काही गाठी एकाच धाग्यात, काही दोन धाग्यांमध्ये. पेशी विभागायला निघाली की डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा या गाठींशी अडते आणि धागे तुटतात. तुटलेले धागे अचूक सांधायचे तर शेजारची तशीच प्रत नमुना म्हणून वापरावी लागते, आणि त्या कामावर रॅड-५१ या प्रथिनाला नेऊन बसवतो तो बीआरसीए-२, ज्याला दवाखान्यात सगळे 'ब्राका-टू' म्हणतात.

ब्राका-२ प्रथिनात ३४१८ अमिनो आम्ले असतात. त्यातल्या १६५५ व्या जागी टायरोसिन हवे. डीएनएत त्यासाठी टी-ए-सी अशी तीन अक्षरे असतात. या बाईंना जन्मतः मिळालेल्या दोन प्रतींपैकी एकीत सी च्या जागी जी होते. टी-ए-जी म्हणजे 'इथे थांबा'. वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडावा तसे हे. प्रथिन निम्म्यावरच खुंटते आणि पुढचा सगळा कामाचा भाग तयारच होत नाही. शरीरातल्या इतर पेशींत दुसरी, चांगली प्रत असते म्हणून त्यांचे भागते. कॅन्सरच्या गाठीतल्या पेशींनी ती चांगली प्रतही गमावलेली होती.

म्हणजे ज्या दोषामुळे कॅन्सर झाला, तोच दोष सिस्प्लॅटिनचा मित्र होता. सांधणारा नाही, तेव्हा तुटले ते तुटलेच. ब्राकाचा बदल असलेल्या बायकांना प्लॅटिनम सुरुवातीला इतके चांगले लागू पडते ते यामुळे.

सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात तोशियासू तानिगुची यांच्या गटाने, साकाई हे पहिले लेखक, २००९ मध्ये छापलेल्या कामात या पेशींचे जनुक वाचले. पीईओ-१ मध्ये टी-ए-जी होते. पीईओ-४ आणि पीईओ-६ मध्ये टी-ए-टी सापडले. गंमत अशी की मूळचे सी परत आलेले नाही, तिथे टी आला आहे. पण टी-ए-टी चाही अर्थ टायरोसिनच होतो. 'पाणी' लिहायचे तिथे 'जल' लिहिले गेले, तहान भागलीच. पूर्णविराम गेला, वाक्य पूर्ण झाले, ब्राका-२ पूर्ण लांबीचे बनू लागले आणि सांधकाम सुरू झाले.

मला हे प्रकरण आवडते ते इथे. प्रतिकार म्हटला की पेशीने काहीतरी नवी युक्ती कमावली असे आपण धरून चालतो: ढाल, पंप, चोरवाट. पीईओ-४ ने नवे काही कमावलेले नाही. तिने हरवलेले परत मिळवले आहे. जनुकाच्या दृष्टीने पाहिले तर ही चक्क दुरुस्ती आहे, आणि बाईंच्या दृष्टीने हाच अनर्थ.

हे नुसते योगायोगाने सोबत दिसलेले बदल नाहीत, याचाही पुरावा त्याच कामात आहे. पीईओ-४ मधले ब्राका-२ मुद्दाम दाबले तर ती पुन्हा सिस्प्लॅटिनने मरू लागते. उलट, पीईओ-१ ला भांड्यातच सिस्प्लॅटिनमध्ये किंवा एजी-१४३६१ या पार्प-रोधकात (डीएनएच्या दुरुस्तीतले पार्प हे विकर रोखणाऱ्या औषधात) वाढवत ठेवले, तर जगलेल्या पेशींत ब्राका-२ पुन्हा चालू झालेले आढळले, तेही आणखी वेगळ्याच दुय्यम बदलाने. म्हणजे रुग्णाच्या पोटात जे घडले ते काचेत पुन्हा घडवता आले. पार्प-रोधकाचा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. ही औषधे ब्राका नसलेल्या पेशींचा काळ म्हणून २००५ मध्ये गाजली आणि त्यांतले ओलापारिब २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकेत बाजारात आले. पण ब्राका परत आला की प्लॅटिनम आणि पार्प-रोधक ही दोन्ही हत्यारे एकदमच बोथट होतात.

एकाच बाईवरून किती बोलायचे, हा प्रश्न रास्त आहे. सिएटलमधल्याच एलिझाबेथ स्विशर यांच्या गटाने २०११ मध्ये ब्राकाबदल असलेल्या उलटलेल्या गाठी तपासल्या. प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या २६ पैकी १२ गाठींत ब्राका दुरुस्त करणारा दुय्यम बदल होता. दाद देणाऱ्या १९ पैकी फक्त एकीत. म्हणजे दाद न देणाऱ्यांत जवळजवळ निम्मे. उरलेल्या निम्म्यांत काय होते, त्याचे उत्तर या एका प्रकरणातून मिळणार नाही. शिवाय अंडाशयाच्या कॅन्सरच्या बहुसंख्य रुग्णांत जन्मजात ब्राकाबदल नसतोच.

आधीपासून घरात असलेला पाहुणा

२००९ पर्यंत गोष्ट अशी सांगितली जायची: पीईओ-१ होती, तिच्यावर औषधाचा मारा झाला, तिच्यात बदल झाला, पीईओ-४ झाली. आई आणि मुलगी. २०१० मध्ये केंब्रिजच्या जेम्स ब्रेंटन यांच्या गटाने दोघींची गुणसूत्रे बारकाईने जुळवली आणि हे नाते मोडले. पीईओ-१ ने गमावलेले काही तुकडे पीईओ-४ कडे शाबूत आहेत. गेलेले गुणसूत्राचे तुकडे मुलीकडे परत येत नाहीत. म्हणजे या आई-मुलगी नव्हेत, चुलत बहिणी आहेत. दोघींचे मूळ एक, पण फाटा गाठीच्या बाल्यावस्थेतच फुटलेला. एडिंबराच्या पेशींच्या आणखी दोन जोड्यांतही तेच चित्र दिसले.

याचा अर्थ पहिल्या उपचाराच्या दिवशी दुसरी शाखा पोटात अल्पसंख्य म्हणून हजर होती. टी-ए-टी हा बदल तिच्यात नेमका कधी झाला, उपचाराआधी की नंतर, हे गुणसूत्रांच्या या जुळवणीतून ठरत नाही. पण औषधाने मोकळी केलेली जागा तिने व्यापली एवढे नक्की. शेतात एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

या निष्कर्षाने प्रश्नच बदलतो. पेशीला 'शिकू न देणे' हे उद्दिष्ट असेल तर एक उपाय. आधीच शिकलेली पेशी कोपऱ्यात बसली असेल तर वेगळा.

मात करायची तर कुठून

भांड्यात मात केव्हाच झालेली आहे. ब्राका-२ दाबा, पीईओ-४ मरते. पण रुग्णाच्या प्रत्येक निरोगी पेशीला ब्राका-२ लागते, आणि या बाईंच्या निरोगी पेशींकडे तर एकच चांगली प्रत होती. संपूर्ण शरीरात ते बंद करणे म्हणजे गाठीच्या आधी माणूस. 'कॅन्सरवर विजय' अशा बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात तेव्हा त्यातल्या बऱ्याच या पायरीवरच्या असतात.

मग फक्त पोटापुरते, थोड्या वेळापुरते दाबता येईल का? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की ४१ ते ४२.५ अंश सेल्सियसला पेशी ठेवल्या की ब्राका-२ मोडून पडते आणि सांधकाम तात्पुरते बंद होते. कल्पना देखणी आहे: ताप आणायचा, पण फक्त पोटाला. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात गरम सिस्प्लॅटिन फिरवण्याची पद्धत, हायपेक, तिच्याशी जुळते. २०१८ मध्ये छापलेल्या डच चाचणीत २४५ रुग्ण होत्या आणि हायपेक मिळालेल्यांचे मध्यक आयुर्मान ३३.९ वरून ४५.७ महिन्यांवर गेले. मात्र त्या बायका पहिल्याच उपचाराच्या टप्प्यात होत्या, प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या नव्हत्या, आणि तिथे तापमान ४० अंश होते. त्यामुळे पीईओ-४ सारख्या आजारासाठी या आकड्याचा हवाला देऊ नये. काही जण देतात.

दुसरी वाट लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून निघाली. यूअन स्ट्रोनाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याच जोड्या वापरून दाखवले की सिस्प्लॅटिन दिल्यावर दाद न देणाऱ्या पेशींत एकेटी हे प्रथिन केंद्रकात शिरते, डीएनए-पीके हे विकर त्याला चेतवते आणि पेशीचा आत्मनाश थांबतो. डीएनए-पीके रोखले की पीईओ-४ पुन्हा मरू लागते. आणि त्याच बाईच्या पीईओ-१ मध्ये ही भर घालून काही जास्तीचे मरण दिसत नाही. हा फरक मोलाचा आहे, कारण नुसते विष वाढवले असते तर दोन्ही जास्त मेल्या असत्या. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत वेगळ्या पेशींवर, भांड्यात टप्प्याटप्प्याने प्रतिकार घडवून, जे काम झाले त्यातही एकेटी भेटतो: सुरुवातीच्या टप्प्यात आयजीएफ-१ या वाढीच्या संदेशाचा ग्राहक (रिसेप्टर) वाढलेला, प्रतिकार मुरल्यावर एकेटीचा जोर. एडिंबराच्या पेशी रुग्णाच्या पोटात कणखर झाल्या, खारघरच्या काचेत, आणि दोन्हीकडे हाच गडी पुढे येतो.

तिसरी वाट पेशीच्या घाईवर आहे. या कॅन्सरमध्ये डीएनए खराब झाल्यावर पेशीला थांबवणारे पी-५३ हे प्रथिन जवळजवळ नेहमीच बिघडलेले असते, म्हणून विभागणीआधी थांबून दुरुस्ती करायला पेशीकडे एकच मोठा थांबा उरतो. वी-१ हे विकर तो थांबा सांभाळते. ते रोखले की पेशी तुटक्या डीएनएसह विभागायला धावते. सांधणारा ब्राका-२ परत आला असला तरी त्याला सांधायला वेळच मिळत नाही. पहिल्या उपचारानंतर तीन महिन्यांतच आजार उलटलेल्या रुग्णांच्या एका छोट्या डच चाचणीत वी-१ रोखणारे अ‍ॅडाव्होसेर्टिब आणि कार्बोप्लॅटिन यांनी ४३ टक्क्यांत गाठी आकसल्या. नुसत्या प्लॅटिनमकडून अशा रुग्णांत एवढी अपेक्षा कुणी करत नाही. पण रक्तपेशी खालावण्याचा त्रास मोठा होता. जेमसिटाबिन या केमोच्या औषधाबरोबरच्या पुढच्या चाचणीत, २०२१, आजार रोखला गेल्याचा मध्यक काळ ३ वरून ४.६ महिने झाला. सहा आठवड्यांपेक्षा थोडे जास्त. छोटी कमाई, पण खरी.

आणि सगळ्यात साधी वाट: डीएनएचा नादच सोडायचा. पॅक्लिटॅक्सेल पेशीच्या सांगाड्यावर काम करते, त्याला ब्राका-२ शी देणेघेणे नाही. ऑरेलिया चाचणीत प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या रुग्णांना केमोबरोबर बेव्हासिझुमॅब, म्हणजे गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारे औषध, दिल्यावर आजार रोखला गेल्याचा काळ ३.४ वरून ६.७ महिने झाला. अलीकडचे मिर्व्हेटुक्सिमॅब सोराव्हटॅन्सिन तर पेशीच्या अंगावरचा फोलेट ग्राहक हुडकून विष थेट आत नेते. मिरासोल चाचणीत त्याने एकूण आयुर्मान १२.७५ वरून १६.४६ महिने झाले. प्लॅटिनमला न जुमानणाऱ्या आजारात आयुष्य वाढल्याचे असे आकडे फार क्वचित दिसतात. माझे मत विचाराल तर गेलेली संवेदनशीलता परत आणण्याच्या नादापेक्षा वेगळे लक्ष्य शोधण्याने रुग्णांचे भले आजवर जास्त झाले आहे. संशोधकांना पहिले अधिक रोचक वाटते, मलाही वाटते, पण म्हणून हिशेब बदलत नाही.

ती आज आली असती तर

दरवर्षी कुणीतरी विचारतेच: मॅडम, त्या बाईंना आज काय दिले असते?

निदानाच्या वेळीच रक्तातून ब्राकाची तपासणी झाली असती. १६५५ चा टी-ए-जी तेव्हाच कळला असता आणि बहिणी-मुलींनाही सांगता आले असते. शस्त्रक्रिया, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, मग दोन वर्षे ओलापारिबच्या गोळ्या. २०१८ च्या सोलो-१ चाचणीत अशा रुग्णांत आजार बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी घटला होता. त्यांच्या २२ महिन्यांचे कदाचित बरेच जास्त झाले असते.

उलटल्यावर मात्र जुन्या अहवालावर भरवसा ठेवून चालणार नाही. निदानाच्या वेळचा 'ब्राका निगेटिव्ह-पॉझिटिव्ह' कागद हा पीईओ-१ चा कागद आहे, पोटात आता पीईओ-४ असू शकते. ताजा तुकडा किंवा रक्तात तरंगणारा गाठीचा डीएनए तपासावा लागेल. रुकापारिब हा पार्प-रोधक सुरू करण्यापूर्वी रक्त तपासलेल्या रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. ब्राका परत आल्याची खूण ज्यांच्या रक्तात होती त्यांना औषध १.८ महिने पुरले, ज्यांच्यात नव्हती त्यांना ९ महिने. टी-ए-टी दिसला तर पार्प-रोधक पुन्हा द्यायचा नाही, फोलेट ग्राहकाची तपासणी करायची, तो भरपूर असेल तर मिर्व्हेटुक्सिमॅब, नसेल तर दर आठवड्याचे पॅक्लिटॅक्सेल आणि बेव्हासिझुमॅब, किंवा चालू असलेली एखादी चाचणी.

"आणि नाहीच दिसला तर?" मागच्या बाकावरून पुढचा प्रश्न येतो. मग पाण्याचा नमुना पुन्हा घ्यायचा. रक्तात खूण न सापडणे म्हणजे पोटात ती शाखा नसणे नव्हे.